पहिल्यांदाच कुणाला कामावरून कमी करताना

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारा २२ कामगारांचा कारखाना चालवणाऱ्या एक उद्योजिका दिवाळीनंतर काही आठवड्यांनी गंगापूर रोडवरील माझ्या समुपदेशन केंद्रात आल्या, तेव्हा त्यांची तक्रार झोपेची होती. पहाटे तीनला जाग येते आणि नंतर डोळा लागत नाही, असे त्या सांगत होत्या. अर्ध्या तासाने मूळ विषय निघाला. "दोन माणसांना कमी करायचं आहे. आमच्या कारखान्यात आजवर असं कुणाला काढलेलंच नाही. अण्णांनी तीस वर्षांत कुणाच्या पोटावर पाय दिला नाही, आणि मी येऊन दोन वर्षं होत नाहीत तोच हे करायचं." अण्णा म्हणजे त्यांचे वडील. आजारपणामुळे त्यांनी काम सोडले आणि कारखाना लेकीच्या हाती आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यासाठी त्यांची संमती घेतली आहे.)

ही चिंता घेऊन येणारे लोक मला वरचेवर भेटतात. कुणी दुकानमालक असतो, कुणी क्लासचालक, कुणी नुकताच व्यवस्थापक झालेला अभियंता. प्रश्न बहुधा एकाच शब्दांत येतो: "मी त्याच्या घरादाराचं वाटोळं करणारा ठरणार नाही ना?"

पहिला कामगार २७ वर्षांचा, सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवरचा ऑपरेटर. दिंडोरी तालुक्यातल्या गावाहून तो मोटारसायकलने येत असे आणि इथे त्याला तीन वर्षे झाली होती. न सांगता खाडे व्हायचे, सेटिंग न तपासता मशीन सुरू केले जायचे आणि रिजेक्शनचा, म्हणजे नापास नगांचा, डबा त्याच्याच मशीनपाशी सर्वांत आधी भरायचा. मोठ्या ग्राहक कंपनीने दोनदा डेबिट नोट काढली होती, म्हणजे खराब मालाचे पैसे कापले होते. दुसरे तपासणी विभागातले काका, अण्णांनी स्वतः कामावर घेतलेले, १९ वर्षांच्या नोकरीचे. अलीकडे त्यांच्या हातून चुकीचा माल पास होऊन जात होता.

पहिल्या दोन सत्रांत मी बाईंच्या अपराधी भावनेवरच काम करत राहिले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अपराधगंड आणि खंत यांत फरक केला जातो. "माझ्या निर्णयाने एका माणसाला त्रास होणार आहे आणि त्याचे मला वाईट वाटते" ही खंत असते. ती राहावी, कारण ती माणसाला जपून वागायला लावते. "असा निर्णय घेणारी मी वाईट बाई आहे" हा अपराधगंड असतो आणि तो माणसाला काहीच करू देत नाही. बाईंना हे पटले. झोप मात्र सुधारली नाही. तिसऱ्या सत्रात मी जे विचारले, ते पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते, असे आज मला वाटते: "त्यांचं काम कमी पडतंय, हे त्या दोघांना माहीत आहे का?"

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. "माहीत असणारच. सुपरवायझर रोज ओरडतो."

"तुम्ही स्वतः सांगितलंत?"

त्यांनी सांगितले नव्हते. उलट त्या ऑपरेटर मुलासमोर जायचे टाळण्यासाठी त्या मागच्या फाटकातून आत येऊ लागल्या होत्या. दिवाळीत त्याला सगळ्यांइतका बोनस तर दिलाच, वर मनाला टोचणी होती म्हणून मिठाईचा मोठा पुडा स्वतःच्या हाताने दिला आणि "छान चाललंय ना सगळं?" असे विचारले. त्याला कमी करण्याचा विचार तेव्हा महिनाभर मनात घोळत होता.

हा पुडा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील वाटतो. आपण याला चांगुलपणा समजतो. मला मात्र वाटते, की त्या पुड्याने बाईंच्या मनाला चार दिवसांचा दिलासा मिळाला आणि त्या मुलाच्या हाती चुकीची माहिती गेली. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते, की माणसे चांगली बातमी जितक्या तत्परतेने पोचवतात तितक्या तत्परतेने वाईट बातमी पोचवत नाहीत, ती बातमी त्यांच्या चुकीमुळे उद्भवलेली नसली तरीही. मालक गप्प राहिला की त्या शांततेचा अर्थ कामगार आपल्या सोयीने लावतो आणि त्याच भरवशावर मोटारसायकलचा नवा हप्ता सुरू करतो, बहिणीच्या लग्नाची तारीख काढतो. पोटावर पाय पडतो तो अशा वेळी अधिक जोरात पडतो.

म्हणून काढण्याचा विषय आम्ही बाजूला ठेवला आणि आधी सांगण्याचा विषय घेतला. दोघांना वेगवेगळे बोलावून, गेल्या तीन महिन्यांचे आकडे समोर ठेवून, काय अपेक्षित आहे, किती दिवसांत अपेक्षित आहे आणि ते न झाल्यास काय होईल, हे तिन्ही स्पष्ट बोलायचे आणि त्याच दिवशी लेखी द्यायचे, असे ठरले. तिसरी गोष्ट बाईंच्या तोंडून निघेना. सरावात त्या प्रत्येक वेळी "पुढे बघू काय ते" असे म्हणत. "सुधारणा झाली नाही, तर नोकरी राहणार नाही" हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर सहा-सात वेळा म्हटले, तेव्हा कुठे त्यांचा आवाज स्थिर झाला.

त्या मुलाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, दिवाळीत तर चांगलं म्हणाला होतात." बाईंनी ते कबूल केले. "तेव्हा खरं बोलायला हवं होतं, ती माझी चूक. आता खरं सांगते आहे."

काकांच्या बाबतीत वेगळेच निघाले. ग्राहक कंपनीने वर्षभरापूर्वी भागांची ड्रॉइंग बदलली होती आणि नव्या ड्रॉइंगवरच्या खुणा काकांना वाचता येत नव्हत्या. अण्णा पूर्वी एक पास झालेला नग नमुना म्हणून टेबलावर ठेवत आणि काका त्यावरून गेज (माप तपासायचे साधन) लावत. तो नमुना ठेवण्याची पद्धत अण्णांबरोबर गेली. १९ वर्षे काढलेल्या माणसाला "मला वाचता येत नाही" हे मालकाच्या मुलीसमोर कसे सांगता येणार? महिनाभर शिकवूनही अवघड भाग त्यांना जमेनात, तेव्हा त्याच पगारावर त्यांना डिस्पॅचला नेले. हा शेवट गोड झाला असे मी म्हणणार नाही. काकांना त्यात कमीपणा वाटला, तो त्यांनी बोलूनही दाखवला आणि काही आठवडे ते बाईंशी कामापुरतेच बोलत होते.

तो मुलगा तीन आठवडे वेळेवर आला, रिजेक्शनही उतरले. नंतर पुन्हा खाडे सुरू झाले. दोन महिने पूर्ण झाले तेव्हा निर्णय घेण्याची वेळ आली, आणि आधी सगळे सांगून झालेले असूनही बाईंची झोप पुन्हा उडाली.

कायद्याच्या बाजूसाठी मी त्यांना कामगार कायद्याच्या सल्लागाराकडे पाठवले. समुपदेशकाने या क्षेत्रात मत देऊ नये, परंतु मालकांना एवढे तरी ठाऊक असावे, असे मला वाटते. कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्या आणि एक वर्षाची सलग सेवा झालेल्या माणसाला कमी करताना कारणांसह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामावरून कमी केलेल्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे लागते. त्या मुलाचा हिशेब नोटिशीचा महिना आणि वर ४५ दिवसांचा पगार असा झाला. "हे मी उपकार म्हणून देत नाही, त्याचं आहे ते देते आहे," असे बाई स्वतःच म्हणाल्या, आणि त्या वाक्यानंतर त्यांचे खांदे थोडे सैल झालेले मला दिसले.

काय बोलायचे याचा मसुदा त्यांनी दोन पाने लिहून आणला. सुरुवात ग्राहकांच्या तक्रारींपासून होती, मध्ये कारखान्याची परिस्थिती, अण्णांचे आजारपण, "मलाही रात्ररात्र झोप लागली नाही" आणि मूळ बातमी दुसऱ्या पानाच्या तळाशी. रात्री न लागलेल्या झोपेचे वाक्य मी खोडायला लावले. ज्याची नोकरी जाते आहे त्याने आपली समजूत काढावी, आपल्याला मोकळे करावे, अशी मागणी त्या वाक्यात दडलेली असते आणि ती त्याच्यावर लादणे मला योग्य वाटत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रोज त्याला "तू" म्हणणाऱ्या बाईंनी मसुद्यात सर्वत्र "तुम्ही" लिहिले होते. हा आदर नव्हता, त्याला हातभर लांब ठेवण्याचा प्रकार होता. आम्ही "तू" परत आणले. अखेरीस उरली ती चार वाक्ये: "तुझं इथलं काम आज संपतंय. हा निर्णय झाला आहे. कारण आपण जानेवारीत बोललो तेच आहे. तुझा सगळा हिशेब या कागदावर आहे, तो मी तुला समजावून सांगते."

त्यानंतर गप्प राहायचे, तो बोलेल ते ऐकायचे, वाद घालायचा नाही आणि निर्णय बदलेल अशी आशाही लावायची नाही. वेळ शिफ्टच्या मध्याची धरली, म्हणजे सगळे कामगार कपडे बदलण्याच्या खोलीत असताना त्याला सामान उचलावे लागणार नाही. इतरांना फक्त तो आता इथे नाही, एवढेच सांगायचे ठरले. तो फार खचलेला वाटला, तर द्यायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक बाईंनी चिठ्ठीवर लिहून ठेवला होता.

बैठक दहा मिनिटांत संपली. बाईंनी रडण्याची, शिव्यांची, घरच्यांच्या उल्लेखाची तयारी ठेवली होती. त्याने कागद वाचला, पीएफ नव्या ठिकाणी कसा वळवायचा ते विचारले आणि म्हणाला, "अनुभवाचा दाखला मिळेल ना, ताई?" बाईंनी होय म्हटले. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. त्या रडत होत्या आणि मी त्यांना रडू दिले.

दोन आठवड्यांनी तो दाखला न्यायला आला. बाई पुढच्या दाराने बाहेर गेल्या आणि त्यांनी तो स्वतः त्याच्या हातात दिला. चहा विचारला, तो नको म्हणाला. दाखल्यावर त्याच्या आडनावाचे स्पेलिंग चुकले होते. त्याने ते बोट ठेवून दाखवले आणि नवीन प्रत छापून येईपर्यंत तो दाराशी उभा राहिला.