ड्रोन नंतर, आधी मोजणी

राजापूर तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्स झाली. 'जमिनीचं सगळं आता डिजिटल होतंय, मी ड्रोनचा कोर्स करते' म्हणून हटून बसली आहे. कोर्स आठवडाभराचा, फी मात्र हापूसच्या कमाईला न झेपणारी. आईचं विचारणं असं : यात पोट भरेल का, आणि मुलीच्या जातीला हे जमेल का?

ताई, क्षेत्र तिने चांगलं निवडलंय, पण सुरुवात शेपटाकडून करतेय. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली ती गावठाणांची, म्हणजे घरांच्या वस्तीची. तुमच्याकडे तंटे असतात कलमांच्या बागेत आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत. ड्रोनला वरून कलमांचे शेंडे दिसतात, खालचा गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, दिसत नाही. उपग्रहाच्या संकेतांवर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारा रोव्हरसुद्धा दाट झाडोऱ्यात अडखळतो. मग टोटल स्टेशन, म्हणजे जमिनीवरून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावावं लागतं.

शिवाय यंत्र बिंदू देतं, हद्द कागद ठरवतो. आपल्याकडचे कागद म्हणजे एका सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, आणि हिस्से तोंडी पडलेले. जुन्या मोजणीची टिपणं साखळी-आण्यांत असतात. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16, आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. हे टिपण वाचून तेच मोजमाप संगणकावरच्या नकाशात बसवणारं माणूस शोधून सापडत नाही. तुमच्या मुलीने ते व्हावं.

त्यासाठी आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड किंवा सिव्हिल डिप्लोमा करू दे. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक (जमीन मोजणाऱ्या) पदाला यातलं एक लागतंच. सरकारी जागेची वाट बघत मात्र बसू नका. रस्ते, बागायत, प्लॉटिंग, सगळीकडे सर्वेअर लागतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आजपासून घरी शिकता येईल. ड्रोन उडवायचं प्रमाणपत्र अठरा वर्षं पूर्ण आणि दहावी पास असलं की मान्यताप्राप्त संस्थेतून कधीही काढता येतं. ते पळून जात नाही.

मुलीला जमेल का, याचं उत्तर घरबसल्या मिळेल. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून तुमचा सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या जमिनींचा उतारा) काढा, जुन्या मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, असेल तर तीही घ्या आणि तिला बागेत पाठवा. नकाशातली प्रत्येक खूण जागेवर शोधू दे. मे महिन्यात, भर दुपारी कातळावर. शेजारचे काका 'आमच्या हद्दीत काय करतेस गो?' म्हणून आले तर ती काय उत्तर देते तेही बघा. मोजणीच्या दिवशी दोन्हीकडची माणसं तावातावाने उभी असतात, तिथे आवाज न चढवता टेप धरून उभं राहावं लागतं.

एक सांगायचं राहिलं : सर्वेअर ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी कुठे आहे ते पाहून घ्या.