सगळी मोजणी सॅटेलाइटवर गेली, तर आमच्या शेताची हद्द बदलेल का?

नाही बदलणार. विहिरीचे अक्षांश-रेखांश जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून) काढले तर एक येतात, रोव्हरवर (काठीवर बसवलेल्या उपग्रह-रिसीव्हरवर) दुसरे येतात आणि दोन्हींत शंभर मीटरच्या वर फरक पडतो, असं तुम्ही लिहिलंय. महाराष्ट्रात तेवढा फरक यायलाच हवा. आला नसता तर मी म्हटलं असतं, कुणीतरी सेटिंगमध्ये गडबड केलीय. मी खासगी मोजणीची कामं करतो, रस्ते-कालव्यांची जास्त. हा प्रश्न साइटवर नेहमी निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अक्षांश-रेखांश काढायचे तर पृथ्वीचा आकार अमुक मापाचा आणि तिचा मध्य अमुक ठिकाणी, असं आधी धरून चालावं लागतं. याला डेटम म्हणतात. आपल्या जुन्या डेटमची मुळं 1802 च्या सर्वेक्षणात आहेत. त्या साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे त्रिकोणांची पहिली बाजू, जमिनीवर मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत काम उत्तरेकडे गेलं. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाने 1830 चा लंबगोल, म्हणजे पृथ्वीचा मानलेला चपटसर गोल आकार, ठरला. त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा. त्यात पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या धरली आहे साधारण 6377276 मीटर. आज जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस 84 वर चालतं त्यात ती 6378137 मीटर आहे. शिवाय एव्हरेस्टच्या लंबगोलाचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून आठशे मीटरहून जास्त बाजूला आहे. याला चूक म्हणणं मला पटत नाही. त्यांना आपल्या उपखंडावर नीट बसणारा आकार हवा होता, तो त्यांनी थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) आणि साखळ्यांच्या जोरावर मिळवला आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ त्यावर देशाचे नकाशे निघाले. पण उपग्रह फिरतात ते खऱ्या मध्याभोवती. त्यामुळे उपग्रहाचा आकडा आणि जुन्या शीटवरचा आकडा जुळणं शक्यच नाही. विहीर तीच, जागाही तीच.

2005 च्या नकाशा धोरणात सर्व्हे ऑफ इंडियाने लोकांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस 84 वर आणायचं ठरवलं. 2021 मध्ये नकाशे आणि मोजणीवरचे निर्बंध बरेच सैल झाले, 2022 मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलं. धोरणांचं एवढंच पुरे. मैदानात खरा फरक पडला तो कॉर्समुळे.

कॉर्स म्हणजे चोवीस तास उपग्रहांचे सिग्नल टिपत बसलेली पक्की स्टेशनं. सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर अशी हजाराच्या आसपास उभारली आहेत, महाराष्ट्रात सत्तरच्या वर. पूर्वी आम्हाला शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या गच्चीवर स्वतःचा बेस लावायला लागायचा. तिथे एक माणूस बॅटरी आणि पोरं सांभाळत दिवसभर बसायचा. आता रोव्हरच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड घालायचं, लॉगिन करायचं. आपण ढोबळमानाने कुठे आहोत ते रोव्हर सर्व्हरला कळवतो आणि आजूबाजूच्या स्टेशनांवरून काढलेली दुरुस्ती परत येते. आधी स्क्रीनवर ‘फ्लोट’ दिसतं, तेव्हा आकडा डेसिमीटरमध्ये डुलत असतो. थोड्या वेळात ‘फिक्स’ येतं आणि तो दोन-तीन सेंटीमीटरवर येऊन थांबतो. मग काठीचा बुडबुडा मधोमध धरायचा आणि पॉइंट घ्यायचा. आंब्याच्या दाट झाडाखाली किंवा विहिरीच्या उंच कठड्याला चिकटून फिक्स लवकर येत नाही, आणि रेंज गेली की सगळंच थांबतं. तुमच्या शेतात मोजणी चालू असेल तेव्हा भूकरमापकाच्या स्क्रीनवर फिक्स आहे ना, एवढं खुशाल विचारा. कुणी रागावत नाही. रागावलंच तर पुन्हा विचारा.

आता एक भानगड, जी फारसं कुणी सांगत नाही. आपला भूखंड वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास ईशान्येला सरकतोय. दरवर्षी आकडे बदलले तर कुणालाच काम करता येणार नाही, म्हणून देशाच्या चौकटीत ते एका ठरावीक तारखेला गोठवतात. ऑस्ट्रेलिया वर्षाला सात सेंटीमीटर सरकतो. त्यांनी 1994 चे गोठवलेले आकडे बदलून 2020 चे घेतले, तेव्हा सगळा देश कागदावर 1.8 मीटर हलला. आपल्याकडे हे छळतं ते वेगळ्या तऱ्हेने. एका माणसाने कॉर्सवरून पॉइंट घेतला आणि दुसऱ्याने थेट उपग्रहावरून आजच्या तारखेचा जागतिक आकडा काढला, तर गोठवून वीस वर्षं झालेल्या चौकटीशी त्यात जवळपास मीटरभर फरक निघतो. मग दोघं एकमेकांच्या मशीनला नावं ठेवत बसतात. तुमच्या शेताच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर मात्र यात बदलत नाही, कारण दोन्ही कोपरे एकाच वेगाने एकाच दिशेला चाललेत.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शेततळं किंवा पाइपलाइन करणार असाल तर उपयोगी पडेल. रोव्हर मुळात देतो ती लंबगोलापासूनची उंची. आपल्याकडे सरासरी समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. पृथ्वीवर ती सगळ्यात खाली जाते तेही श्रीलंकेच्या दक्षिणेला, लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली. म्हणून मुंबईच्या चौपाटीवर उभं राहिलात तर कच्चा आकडा उणे साठ मीटरच्याही खाली दिसेल. घाबरू नका. त्याला जिऑइडची (सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठभागाची) दुरुस्ती लावली की नेहमीची उंची मिळते. पाणी कुठून कुठे वाहणार हे ठरवायचं असेल तर मी आजही जोडीला ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावतोच.

आता बांधाचं. तुमचा गाव नकाशा आणि टिपण (गटाच्या मापांची सरकारी नोंद) ज्या मोजणीतून आलं ती शंकू-साखळीची, म्हणजे काटकोन साधायचा शंकू आणि अंतर मोजायची साखळी यांची. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, आणि साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. या नकाशांवर अक्षांश-रेखांश नव्हतेच. त्यामुळे देशाचा डेटम एव्हरेस्ट असो की डब्ल्यूजीएस, तुमच्या गटाच्या हद्दीला त्याने धक्का लागत नाही. हद्द ठरते ती मूळ अभिलेखातल्या मापांवरून, जुन्या खुणांवरून आणि वहिवाटीवरून. रोव्हर ती मापं जमिनीवर उतरवायचं साधन आहे. जुन्या मोजणीपेक्षा नव्यात क्षेत्र एखाद्या गुंठ्याने कमी-जास्त निघालं, तर उपग्रहाला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा: चढ-उतारावर साखळी आडवी ताणली होती की जमिनीवर टाकली होती, आणि मधल्या पन्नास वर्षांत नांगर कुणी कुठवर घातला. माझ्या अनुभवात दुसरं कारण जास्त वेळा निघतं.

शेजाऱ्याशी वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायमची मोजणी टाका. खासगी माणसाने घेतलेले आकडे, माझेसुद्धा, तिथे फक्त माहितीपुरते. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आली की कोपऱ्यांचे आकडे दिलेत का बघा, आणि ते कुठल्या डेटमवर आहेत हे लिहून घ्या. जुन्या शीटवरचे आकडे नव्याशी ताडून बघायचेच असतील तर आधी रीतसर रूपांतर करून घ्या. स्वस्त हँडहेल्डमधल्या डेटमच्या यादीत ‘इंडियन’ नावाचे दोन-तीन पर्याय असतात. त्यातला एक बांगलादेशासाठी असतो. तो निवडलेला मी पाहिलाय.