पालकांनी ‘हे पुस्तक काढा’ म्हटलं तर शाळेच्या ग्रंथपालाने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माध्यमिक शाळेत नव्यानं ग्रंथपाल म्हणून लागलाय, एका पालकाला एक पुस्तक खटकलंय, मुख्याध्यापक म्हणतात, “गुपचूप काढून ठेवा, विषय संपवा.” नाही म्हणता येतं का?

‘नाही’ म्हणू नका. ‘लेखी द्या’ म्हणा. कोल्हापुरात एका शाळेत मी १८ वर्षं अर्धवेळ ग्रंथपाल आहे. या दोन शब्दांनी जेवढी पुस्तकं वाचवली, तेवढी माझ्या एकाही भाषणानं वाचवली नाहीत. (सुरुवातीला भाषणंही केली. मुख्याध्यापक सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शिपायाला चहा सांगायचे.)

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतल्या एका मुलीचे वडील मधल्या सुट्टीत आले. हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि मोबाईल माझ्या पुढ्यात धरला. एका दलित आत्मकथनातल्या पानाचा फोटो, दोन शिव्यांखाली लाल रेघा.

“मॅडम, ह्ये असलं वाचाय देताय व्हय पोरींना?”

“पुस्तक वाचलंत का तुम्ही?”

“एवढं एक पान बास झालं की.”

फोटोही त्यांनी काढलेला नव्हता, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. मी ड्रॉवरमधून फॉर्म काढून दिला. एकच पान आहे, मीच टाइप करून घेतलेलं: पुस्तकाचं नाव, आक्षेप नेमका कशाला, संपूर्ण पुस्तक वाचले आहे काय, पुस्तकाचे काय करावे, सही. पेन तिसऱ्या प्रश्नाशी थांबलं. “घरनं भरून आणतो,” म्हणाले. जाताना मी एवढंच सांगितलं, की तुमच्या मुलीनं हे वाचू नये असं वाटत असेल तर ते घरात बसून तिच्याशी बोला, तो तुमचा अधिकार. वर्गातल्या बाकीच्या पोरांच्या वतीनं मात्र तुम्हाला ठरवता येणार नाही.

मग त्यांनी दुसरं मागितलं: “बरं, कुणाकुणी नेलंय ते रजिस्टर तरी दाखवा.” इथं मात्र साफ नकार द्यायचा. देवघेवीची नोंद पुस्तक परत यावं म्हणून असते, कोण काय वाचतं याची चहाडी करायला नव्हे. एकदा का पोरांना कळलं की मॅडम नावं सांगतात, तर ती तुमच्याकडून फक्त गाईडं नेतील.

आता मुख्याध्यापकांचं. ‘काढून ठेवा’ असा प्रकार शाळेच्या दप्तरात नसतोच. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला की पुस्तक शाळेची मालमत्ता. ते बाहेर पडायची रीतसर वाट एकच, निर्लेखन: जीर्ण झालं, वाळवीनं खाल्लं, हरवलं. त्याची यादी होते, ठराव होतो, सह्या होतात. कारणाच्या रकान्यात ‘एका पालकांना आवडले नाही’ असं लिहून खाली सही करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. म्हणून सरांना नम्रपणे विचारायचं, “सर, कारण काय लिहू?” निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच ठेवायचं. आणि त्यांनी खरंच लेखी आदेश दिला तर पाळा, आवक नोंदवहीत चढवा, प्रत स्वतःजवळ ठेवा. तुमच्या कामाचा गोपनीय अहवाल तेच लिहितात. तुम्हाला हुतात्मा व्हायला कुणी सांगितलेलं नाही.

कायद्याचं विचाराल तर पुस्तक जप्त करायची अधिसूचना राज्य सरकार काढतं, कारणं देऊन. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ९८. त्याविरुद्धही दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला यात कुठंच जागा नाही.

अमेरिकेत हे भांडण फार पुढं गेलंय. न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज इथल्या शाळा मंडळाच्या सदस्यांनी एका परिषदेतून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी आणली आणि १९७६ मध्ये त्यातली पुस्तकं ग्रंथालयातून काढायला लावली. स्टीव्हन पिको आणि इतर विद्यार्थी कोर्टात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ५ विरुद्ध ४ असे विभागले गेले, पण विद्यार्थ्यांच्या बाजूच्या मुख्य मताचा गाभा हाच होता, की केवळ विचार पटत नाहीत म्हणून मंडळाला ग्रंथालयातली पुस्तकं काढता येत नाहीत. तरी २०२१ मध्ये टेक्सासच्या एका आमदारानं सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांकडे पाठवून विचारलंच, यातली तुमच्याकडे कुठली आहेत, किती पैसे घातलेत? यादी अशी नेहमी बाहेरून तयार होऊन येते.

आपल्याकडे यादीही लागत नाही, कारण बऱ्याचदा ते काम आपणच करून ठेवतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मुलींच्या वयात येण्याबद्दलचं एक साधं, शास्त्रीय पुस्तक मी लोखंडी कपाटात कुलपात टाकलं. कुणाची तक्रार नव्हती. येईल म्हणून. पुढं आठवीतली एक मुलगी काउंटरशी घुटमळत म्हणाली, “मॅडम, ते... शरीराचं पुस्तक असतंय ना, ते हाय काय?” मी म्हटलं, नाही. ते माझ्या पाठीमागं पाच फुटांवर होतं. वार्षिक पडताळणीत चार वर्षांनी बाहेर निघालं, तारीखपट्टी कोरीच. त्यानंतर तो फॉर्म तयार केला.

पाचवीच्या पोराच्या हातात दहावीचं पुस्तक न देणं, ही निवड झाली. ती मी रोज करते. तेव्हा माझ्या डोळ्यापुढं वाचक असतो. कुलूप लावताना तक्रारदार होता.

आमच्या कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० सालचं. शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या मोफत शिक्षणावर आम्ही दर २६ जूनला, त्यांच्या जयंतीला, पोरांकडून भाषणं पाठ करून घेतो. आणि जुलैत त्याच पोरांनी काय वाचू नये यावर स्टाफरूममध्ये चहा होतो. असो.

त्या वडिलांचा फॉर्म काही आला नाही. आठवड्यानं सरांनी विचारलं, “त्या पुस्तकाचं काय झालं?” म्हटलं, “सर, अजून लेखी काही आलं नाही.” “मग राहू दे तिथंच.”

पुस्तक मात्र तिथं राहिना. फोटो पोरांपर्यंतही पोचला होता आणि जो तो ते पान शोधत यायचा. फोटोत पानाचा नंबर कापला गेला होता, त्यामुळं बिचाऱ्यांना पहिल्या पानापासून वाचत जावं लागायचं.