सहाची वेळ

चि.स अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेल्यावर काकूनं ओट्यावरचा तुझा कप उचलला. चहा अर्धा तसाच होता. "पोरगी कसल्या घोरात आहे?" एवढंच ती म्हणाली. मला मात्र तुझं वाक्य रात्रभर सोडेना. पाच वर्षं तुझा जोडीदार बंगळुरात, तू पुण्यात, कर्ज फिटलं की एकत्र, "आणि शेवटी काका, तुमच्यासारखं पाण्याकाठी निवांत."

नोकरी घे की नको घेऊस, ते तुझं तू ठरव. तेवढी अक्कल तुला आहे. माझं भांडण त्या "शेवटी"शी आहे.

नाशिकहून मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस १९७५ला सुरू झाली. मी १९८९ला तिच्यात चढलो आणि २०१४ला उतरलो. तुझे बाबा आणि मी एकाच डब्यातले पासवाले. पहाटे अंधारात घर सोडायचं, कसाऱ्याच्या घाटात डुलकी काढायची, रात्री दहाला दार वाजवायचं. निवृत्त झाल्यावर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला दोन खोल्या बांधल्या आणि मला वाटलं, आता सगळं मिळालं. पहिले दोन महिने काय झालं सांगू? मला आठलाच भूक लागायची. पण काकू ताट घ्यायची दहाला, पंचवीस वर्षं माझी वाट बघून तिच्या अंगाला तीच वेळ लागली होती. मी संकोचानं बोलायचो नाही. एका घरात दोन माणसं भुकेली बसून राहायची. समोर एवढं मोठं पाणी होतं, त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून सांगतो, रोजची एक वेळ राख. नीट ऐक, रोजची. महिन्यातून दोन दिवस विमानानं जाऊन भेटणं म्हणजे वेळ राखणं नव्हे.

आमची वेळ सहाची. सकाळी सहाला काठावर आणि संध्याकाळी सहाला ओट्यावर. सकाळी ती पाण्यातली टिबुकली पाखरं मोजते आणि मी ठरलेल्या खडकावर पाणी कुठवर आलंय ते बघून वहीत लिहितो. सप्टेंबरात पाणी बांधाला टेकतं. मे महिन्यात ते इतकं आत जातं की गाळपेरीच्या वावरांतून वाट काढत काठ गाठावा लागतो. तरी जातो. २०१९च्या ऑगस्टात नाशकात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, तेव्हाही आम्ही एका छत्रीत काठाच्या वर उभे होतो. दुपारी ती मला पेपर वाचून दाखवते, माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही. धरण भरलं की ५६३० दशलक्ष घनफूट, आज किती टक्के, विसर्ग किती क्यूसेक, सगळं वाचते. आणि दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या सुमारास आमचं कडाक्याचं भांडण होतं. जायकवाडीत साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असला की नाशिकचं पाणी तिकडे सोडायची चर्चा सुरू होते, आणि तिचं माहेर पैठण, जायकवाडीच्याच काठचं. मी द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी काढतो, ती नाथसागराकाठच्या भावांची तहान काढते. आवाज चढतात. पण सहा वाजले की दोघं ओट्यावर. त्या वेळेला फोन आत आणि पाहुणे असले तर तेही आमच्यासोबत गप्प.

भाच्याच्या हळदीला आम्ही संध्याकाळी गेलो नाही, याचा नातेवाइकांना अजून राग आहे. असू दे. मी ही वेळ मोडणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वेळेवर जगलोय.

तू म्हणशील, काका, तुम्ही तरी तेव्हा कुठं राखली? नाही राखली. दोन बहिणींची लग्नं होती, आबांचं आजारपण होतं, घराचा हप्ता होता. मुंबईची नोकरी सोडून नाशकात काय खाल्लं असतं? ते मी घरासाठीच केलं, हे आजही म्हणेन आणि कुणी चूक म्हटलं तर ऐकून घेणार नाही. पण रविवार माझा होता. तो मी सोसायटीच्या मीटिंगांना दिला, लोकांच्या कामांना दिला, कुणी हाक मारली की निघालो. काकूचं ऑपरेशन शनिवारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीच्या टाकीचं काम उभं राहून करून घेतलं आणि दुपारी दवाखान्यात गेलो. ती काही बोलली नाही. त्या सकाळचं कारण माझ्याकडे आजही नाही. बाकी सगळ्याचं आहे.

तर आता उगाच मान डोलवू नकोस. तुम्ही दोघं दोन गावांत राहा, पण रोजची एक वेळ आजच ठरवा. रात्री साडेनऊ म्हणा. त्या वेळेला मीटिंग आली तर मीटिंगला नाही म्हणायचं. "या आठवड्यात जमत नाहीये" हे वाक्य मला ऐकवू नकोस, मी ते हजार वेळा बोललोय. जमत नसतंच गं. रोजची वेळ जमवायचीच असते. पाच वर्षं जी सवय लागली नाही ती सहाव्या वर्षी कुठून येणार?

थंडीत इथं चक्रवाक उतरतात. भगव्या रंगाची जोडी, पाण्याच्या कडेनं चालत असते. रात्री त्यांची ताटातूट होते आणि दोन तीरांवरून ती एकमेकांना हाका मारत राहतात, असं जुने लोक म्हणत. गेल्या वर्षी ते बघताना काकू म्हणाली, "हाका तरी मारतात." मी वहीत पाण्याची खूण लिहीत होतो. पेन थांबलं.

डिसेंबरात त्यालाही घेऊन ये. आदल्या रात्रीच मुक्कामाला या, पिठलं-भाकरी करू. सकाळी सहाला निघतो, कुणासाठी थांबत नाही. उशिरा उठलात तर किल्ली तुळशीपाशी आहे, बांधाच्या डाव्या वाटेनं या.

तुझा,
काका