रेससाठीच बनलेल्या गाडीचं आरटीओत पासिंग होतं का?

तुम्ही लातूरहून विचारलंय की एक रेसिंग टीम जुनी गाडी विकायला काढतेय. कंपनीने रेससाठीच बनवलेली, शोरूममध्ये कधी न आलेली. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, सायलेन्सर बसवून तिचं पासिंग होईल का?

भाऊ, पैसे मोजायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. पासिंग होणार नाही. आणि अडचण दिव्यांची नाही, दिवे दोन दिवसांत बसतात.

माझं छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला गॅरेज आहे. काही वर्षांपूर्वी जालन्याचा एक तरुण अशीच गाडी कॅरियरवर टाकून घेऊन आला. मीही हौसेने काम घेतलं. वायरिंग ओढलं, इंडिकेटर लावले, हँडब्रेक बसवला, काचा बदलल्या. तीन आठवडे गेले. मग एजंट म्हणाला, चेसिसचा ठसा काढून द्या. आम्ही कागद धरून पेन्सिल घासायला बसलो, तर घासायचं कशावर? जिथे सतरा अक्षरी नंबर कोरलेला असतो तिथे कोरा पत्रा. आत फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, रिव्हेट मारलेली एक पट्टी, तिच्यावर तीन आकडे. बस. तीन आठवडे आपण चुकीच्या टोकाने काम करत होतो हे तेव्हा कळलं.

नव्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म 20 तुम्ही भरता, पण त्याच्यासोबत विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म 21, आणि फॉर्म 22 लागतो. ही गाडी प्रदूषणाचे आणि सुरक्षेचे नियम पाळते, रस्त्यावर चालवायला योग्य आहे, असं बनवणारी कंपनी या फॉर्मवर लिहून देते. आपल्या शेंद्र्याच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या साध्यातल्या साध्या गाडीलाही तो कागद असतो. रेसच्या गाडीला कंपनी तो देतच नाही, कारण ती गाडी रस्त्यासाठी तपासलेलीच नसते. मोटार वाहन कायद्याची व्याख्यासुद्धा रस्त्यावर वापरायच्या वाहनापासून सुरू होते आणि फक्त बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं ती बाहेर ठेवते.

मग आपणच तपासून घेऊ, असं मलाही वाटलं होतं. गाड्या तपासणाऱ्या संस्था जवळच आहेत: नगरची व्हीआरडीई इथून दोन-अडीच तासांवर, पुण्यात एआरएआय. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 126 मॉडेलच्या मान्यतेचा आहे, एकेका मालकाच्या गाडीचा नाही. त्यात क्रॅश टेस्ट येते: समोरून ताशी 56 किलोमीटरने, बाजूने 50 ने. म्हणजे गाडी फोडावी लागते, आणि तुमच्याकडे आहे एकच. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाडीला धुराचं बीएस-6 मानक लागतं. रेसच्या इंजिनाला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक वेळा नसतोच.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओत तर लोक नंबर प्लेट लावून फिरताना दिसतात. ते खरं आहे, पण तिकडचं. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची वेगळी तपासणी करून मान्यता देणारी रीतसर योजना आहे. आणि तिकडेही सगळं सोपं नव्हतं. 1975 मध्ये काउंट रॉसी नावाच्या श्रीमंत माणसाला पोर्शे 917 ही फ्रान्समधल्या ले मान्स शर्यतीची रेस कार रस्त्यावर चालवायची होती. कंपनीने सायलेन्सर लावून दिले, आत चामडं मढवून दिलं. तरी युरोपात नंबर मिळेना. शेवटी अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची प्लेट लागली आणि तो स्टुटगार्टहून पॅरिसला ती चालवत गेला. आपल्याकडे अशी फट नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कुणीतरी सुचवेल की त्याच मॉडेलची भंगारातली साधी गाडी घ्या आणि तिचं आरसी बुक, तिचा चेसिस नंबर या गाडीला लावा. हे करू नका. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे. कागद खरे असले तरी कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम 182-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड होऊ शकतो. नोंदणी नसलेली गाडी पोलीस जागेवर जप्त करू शकतात. तेही एक वेळ सोसता येईल. पण औसा रोडला एखाद्याच्या लेकराला धक्का लागला तर? विमा कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुमच्या घरादारातून जाईल.

आणि आता गाडीबद्दल. त्या गाडीत मी स्वतः बसून पाहिलंय. केजचा, म्हणजे आत बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याचा, पाइप 45 मिलिमीटर जाड, अडीच मिलिमीटर भिंतीचा, आणि तो माझ्या कानशिलापासून वीतभरावर. हेल्मेट आणि सहा पट्ट्यांचा बेल्ट असेल तर तोच पाइप जीव वाचवतो. हेल्मेटशिवाय, साध्या बेल्टने बसलात तर पलटी न होताही, नुसत्या बाजूच्या धडकेत डोकं त्यावर आपटतं. रेसचे ब्रेक पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. आणि आपले रस्ते! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबराला लाटा येतात. त्या गाडीचं सस्पेन्शन बोटभर हलतं. गळीत हंगामात रात्री मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे आली तर काय करणार? जमिनीपासून चार इंचावरून जाणारं गाडीचं पोट कडेच्या खड्ड्यात घालणार?

तुमची हौस खरी आहे हे कळतंय, म्हणून दुसरी वाट सांगतो. रस्त्यावर चालवायची असेल तर कागद स्वच्छ असलेली चांगली सेकंडहँड हॅचबॅक घ्या. इंजिन आणि बॉडीला हात लावू नका. चांगले ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि कंपनीने सांगितलेल्या मापाचे उत्तम टायर, एवढ्यावरही गाडी खूप बदलते. हीच रेसची गाडी घ्यायची असेल तर ट्रॅकसाठीच घ्या. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर रेसिंग महासंघाचं, लायसन्स काढा आणि गाडी कॅरियरवर न्या. कोइंबतूरचा कारी स्पीडवे 2.1 किलोमीटरचा आहे, चेन्नईजवळचा 3.7 चा. विकणाऱ्याला रनिंग किती, इंजिन शेवटचं कधी उघडलं, केजला कधी वेल्डिंग झालं, एवढं विचाराच. केजच्या सांध्यांजवळचा रंग निघालेला किंवा नवा दिसला तर गाडी आपटलेली असू शकते.

जालन्याच्या त्या तरुणाने शेवटी तेच केलं. मी बसवलेलं इंडिकेटरचं वायरिंग आम्ही दोघांनी एका रविवारी बसून परत उचकटलं. आता ती गाडी वर्षातून दोनदा कोइंबतूरला जाते, मी सोबत जातो, टायरचं प्रेशर माझ्याकडे असतं.