वाचकांचे प्रश्न : घरच्या ओढ्यावरचे टर्बाइन

प्रश्न : पाणी घेण्याच्या जागेपासून टर्बाइनच्या जागेपर्यंत ३३ मीटरची उभी उंची मिळते. पाइप १५० मीटर लागेल. ओढ्यातून सेकंदाला ६ लिटर पाणी घेता येते. ६३ मिमीचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप पडून आहे, तो चालेल का? वीज किती मिळेल?

उत्तर : तो पाइप बागेच्या कामाला ठेवा. ६३ मिमी हे बाहेरचे माप. आतून तो साधारण ५५ मिमीच भरतो. त्यातून ६ लिटर पाणी सेकंदाला अडीच मीटरच्या वेगाने धावेल आणि १५० मीटरच्या घर्षणात सुमारे १६ मीटर उंची खाऊन टाकेल. म्हणजे निम्मी वीज पाइपातच संपली. ९० मिमीचा पाइप (आतून ७९ मिमीच्या आसपास) घेतला तर हाच तोटा तीन मीटरच्या आत राहतो आणि नोझलपाशी, म्हणजे पाणी झोत होऊन बाहेर पडते त्या तोटीपाशी, ३० मीटर शिल्लक उरतात.

विजेचा ढोबळ हिशेब सोपा आहे : लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर गुणिले ५. इथे ६ × ३० × ५ = ९०० वॉट. हा पाचाचा आकडा म्हणजे ९.८१ ची जवळजवळ निम्मी किंमत. टर्बाइन आणि जनरेटर मिळून निम्मी ताकद हाती लागते असे त्यात धरले आहे. ९०० वॉट ऐकायला कमी वाटतात, पण ते रात्रंदिवस मिळतात. दिवसाचे साडेएकवीस युनिट होतात.

पाइप पीएन ६ दर्जाचा, म्हणजे ६ बार दाब पेलणारा घ्या. ३३ मीटरचा स्थिर दाब ३.२ बारच असला, तरी व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की दाबाची लाट उठते आणि पीएन ४ ला ती पेलवेलच असे नाही. म्हणूनच खाली फिरवून बंद होणारा गेट व्हॉल्व्ह लावावा. पाव फेरीत बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह नको.

प्रश्न : वरच्याच जागेसाठी पेल्टन रनर (कडेने वाट्या असलेले, पाण्याच्या झोताने फिरणारे चाक) बसवायचा आहे. जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांचा, थेट शाफ्टवर. पाया घालण्यापासून पाणी सोडण्यापर्यंत काय काय सांभाळावे?

उत्तर : सिमेंट कालवण्याआधी रनर मोजा. ३० मीटरला झोताचा वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर होतो आणि पेल्टनच्या वाट्या त्याच्या ४६ टक्के वेगाने, म्हणजे १०.८ मीटरने फिरल्या की काम उत्तम होते. १५०० फेऱ्यांसाठी झोत जिथे लागतो त्या वर्तुळाचा व्यास १३७ मिमीच्या जवळ हवा. २०० मिमीचा रनर हाती आला असेल तर तो १०३० फेऱ्यांवर रमेल. मग पट्टा आणि पुल्या आल्या, आणि पायाचा नकाशाही बदलला.

आता नोझल. सगळे ६ लिटर एकाच नोझलमधून काढायचे तर झोत १८ मिमीचा होतो. १३७ मिमीच्या रनरला तो जाड पडतो. झोताची जाडी त्या व्यासाच्या ११ टक्क्यांपुढे गेली की पाणी वाटीत मावत नाही, नुसते उडते. म्हणून दोन नोझल घ्या, प्रत्येकी पावणेतेरा मिमीच्या आसपास. सुरुवातीला भोक साडेबारा मिमीचेच ठेवा. भोक मोठे करणे हातात असते, लहान करणे नाही. शिवाय प्रत्येक नोझलला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा. पाणी कमी झाले की एक नोझल पूर्ण बंद करायचा आणि दुसरा पूर्ण उघडा ठेवायचा. दोन्ही व्हॉल्व्ह अर्धवट उघडे ठेवले तर दाब व्हॉल्व्हमध्येच मरतो.

पाया काँक्रीटचा, मधोमध पाणी निघून जायला रुंद खड्डा. पेल्टन हवेत फिरतो. खालचे पाणी तुंबून वाट्यांना टेकले की ब्रेक लागल्यासारखे होते. खालची वाट पुराच्या दिवसांतही मोकळी राहील अशी उंची ठेवा. पायाचे बोल्ट एकदम गाडू नका. केसिंग (रनरभोवतीचे कवच) जागेवर मांडून, पातळी पाहून, बोल्टांच्या भोकांत काँक्रीट नंतर भरा.

नोझलचा नेम धरणे हे खरे कौशल्याचे काम. नोझलच्या भोकात घट्ट बसणारी सरळ सळई घाला. तिचे टोक वाटीच्या मधल्या धारेवर बरोबर मध्यावर यावे आणि सळई त्या १३७ मिमीच्या वर्तुळाला स्पर्शून जावी. फरक एक मिलिमीटरच्या आत आणा. झोत एका बाजूला सरकला तर वाटीच्या एका अर्ध्या भागाला जास्त पाणी मिळते, शाफ्ट आडवा ढकलला जातो आणि बेअरिंग तापू लागते. महिना-दोन महिन्यांनी बेअरिंगला दोष दिला जातो, बिचारे ते निर्दोष असते. शाफ्टवर केसिंगच्या बाहेर पाणी झटकणारी चकती बसवायला विसरू नका, नाहीतर थेंब सरपटत जनरेटरपर्यंत जातात.

पाइपचा भार केसिंगवर नको. टर्बाइनआधीच्या काटकोनी वळणावर पाणी दोनशे किलोंहून अधिक जोराने रेटते. तिथे काँक्रीटचा ठोकळा हवाच.

पाणी सोडताना क्रम असा : नोझल काढून पाइप मोकळा वाहू द्या, म्हणजे वाळू आणि पाइप कापताना राहिलेला प्लास्टिकचा कीस निघून जातो. मग नोझल लावा, विजेचा भार जोडा आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. भाराआधी पाणी कधीही नाही.

प्रश्न : बॅटरी आहे, सोलरचा चार्ज कंट्रोलरही आहे. टर्बाइनची तार त्यालाच जोडली तर?

उत्तर : नको. बॅटरी भरली की सोलर कंट्रोलर सरळ तोंड मिटतो, वीज घेणेच थांबवतो. पॅनलला त्याचे काही वाटत नाही. मोकळे सुटल्यावर त्याचे व्होल्टेज वीसेक टक्केच वाढते. टर्बाइनचा मात्र भार सुटला की पेल्टन जवळजवळ पावणेदोन पट वेगाने पळतो, आणि कायम चुंबकाच्या जनरेटरचे व्होल्टेज दुपटीच्या घरात जाते. कंट्रोलर त्यात जळतो. बॅटरीवर डायव्हर्जन कंट्रोलर (जास्तीची वीज दुसरीकडे वळवणारा) लावा आणि ती वीज हीटरमध्ये उतरवा. हीटर टर्बाइनच्या पूर्ण ताकदीपेक्षा पंधरा-वीस टक्के मोठा, पाण्यात बुडवलेला किंवा मोकळ्या हवेत. बॅटरीविना थेट एसी वापरणार असाल तर हेच काम इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर करतो.

प्रश्न : टर्बाइनपासून घर १०० मीटर. २४ व्होल्टवर वीज आणू का?

उत्तर : ९०० वॉटला २४ व्होल्टवर ३७ अँपिअर लागतात. १० चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेतही निम्म्याहून जास्त व्होल्टेज वाटेतच जाईल. २३० व्होल्टवर अडीच चौरस मिमीची तार पुरते. घट साडेपाच व्होल्टच्या आसपास.

प्रश्न : सुरुवातीला छान चालले, आता वीज कमी झाली आहे. दोष कुठे शोधावा?

उत्तर : व्हॉल्व्हच्या आधी, पाइपच्या बाजूला प्रेशर गेज आहे ना? नसेल तर आजच लावा. व्हॉल्व्ह बंद असताना ते ३.२ बार दाखवेल, चालू असताना २.९ च्या आसपास. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

वीज कमी आणि दाब वाढून बंद अवस्थेच्या आकड्याकडे सरकलेला, तर नोझलमध्ये पान किंवा खडा अडकला आहे. वीज कमी आणि दाबही कमी, तर दोष वर आहे : पाणी घेण्याच्या जागेची जाळी तुंबली, तिथल्या टाकीतली पातळी उतरली किंवा पाइपात हवा शिरली. काटा थरथरत असेल तर बहुधा हवाच. पाइपाचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली व्यासाच्या चौपट खोल असावे, नाहीतर भोवरा हवा ओढतो. दाब जसाच्या तसा आणि तरीही वीज कमी, तर पाण्याकडे पाहू नका. पट्टा, बेअरिंग, तारांचे सांधे तपासा.

पाइपाच्या वरच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या लगेच खाली हवा घेणारी उभी नळी आहे का, तेही पाहा. ती नसताना तोंड एकदम तुंबले, तर खाली धावणारे पाणी मागे पोकळी सोडते आणि पातळ पाइप चपटा होतो.