कँटरचा कर्ण युक्तिवाद: अडतं कुठे आणि का

विचारलेलं थोडक्यात असं: ० आणि १ यांच्यामधल्या सगळ्या वास्तव संख्यांची यादी करता येत नाही, हे जर्मन गणिती गेऑर्ग कँटरने कर्णावरचे अंक बदलून दाखवलं. पण नवी सापडलेली संख्या यादीत घातली की काम झालं, नाही का? आणि हीच युक्ती परिमेय संख्यांना (१/२, २/३ अशा अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येणाऱ्या संख्यांना) लावली तर त्याही मोजता येत नाहीत असं निघायला हवं, ते का निघत नाही?

आधी मांडणी डोळ्यांसमोर असू द्या. समजा यादीची सुरुवात अशी आहे:

०.५१०३…
०.३३३३…
०.१४१५…
०.७१८२…

पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असे कर्णावरचे अंक घ्या: ५, ३, १, २. आता नियम ठरवा: अंक ५ असेल तर ४ लिहायचा, नसेल तर ५. मिळते ०.४५५५… ही पहिल्या संख्येपेक्षा पहिल्या स्थानी वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या स्थानी, शंभरावीपेक्षा शंभराव्या स्थानी. म्हणजे ती यादीत कुठेच नाही.

पहिली शंका. नवी संख्या यादीत खुशाल घाला. यादी बदलली, कर्ण बदलला, आणखी एक संख्या बाहेर राहिली. पण खरा मुद्दा याहून सरळ आहे. दावा एका विशिष्ट यादीबद्दल नाहीच. नैसर्गिक संख्यांशी जोड्या लावून केलेली कुठलीही यादी घ्या, तिच्याबाहेर एक तरी संख्या राहते. तुमची दुरुस्त केलेली यादीही त्या ‘कुठलीही’मध्येच येते. म्हणून ‘समजा यादी पूर्ण आहे’ असं धरून विसंगती काढण्यापेक्षा थेट ‘कुठलीही यादी अपुरी असते’ असं लिहिलेलं बरं; निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरी शंका जास्त चांगली आहे. धन परिमेय संख्यांची यादी खरोखर होते: अंश आणि छेद यांची बेरीज २, मग ३, मग ४ अशा क्रमाने १/१, १/२, २/१, १/३, ३/१, १/४, २/३… लिहीत जा आणि २/२ सारखे आधी येऊन गेलेले गाळा. (लहान-मोठेपणाच्या क्रमाने लावू गेलात तर पहिल्याच पायरीला अडाल, कारण ०च्या लगेच पुढची परिमेय संख्या अशी नसतेच.) या यादीतल्या १ पेक्षा लहान संख्या घेऊन कर्ण बदलला तरी नवी संख्या मिळतेच. पण ती परिमेय आहे कशावरून? परिमेय संख्येचा दशांश विस्तार कुठेतरी संपतो किंवा आवर्ती होतो (तेच अंक पुन्हा पुन्हा येत राहतात), आणि कर्णावरून बनवलेल्या विस्ताराला तसं काहीच बंधन नाही. उलट, यादीत सगळ्या परिमेय संख्या असतील तर नवी संख्या अपरिमेयच असली पाहिजे. म्हणजे युक्ती फसत नाही, ती वेगळीच गोष्ट सिद्ध करते. नैसर्गिक संख्यांबाबतही तेच: डावीकडे शून्यं लावून कर्ण बदललात तर डावीकडे न संपणारी …५५५ अशी ओळ येते, आणि ती नैसर्गिक संख्या नव्हे.

आता ज्या जागी लिहिताना सर्वांत जास्त चुका होतात ती जागा. ०.४९९९… आणि ०.५००० ही एकच संख्या आहे. पुष्कळ ठिकाणी ‘प्रत्येक अंकात १ मिळवा, ९चा ० करा’ असा नियम दिसतो. यादीत पहिली ०.४९९९… असेल आणि कर्णावर पुढे सगळीकडे ९ असतील, तर नवी संख्या ०.५०००… येते. अंक सगळे वेगळे, संख्या मात्र यादीतली पहिलीच! नव्या संख्येत ० आणि ९ येऊच न देणारा वरचा ४-५चा नियम एवढ्यासाठीच आहे. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ही सोय नाही, कारण ०चा १ करण्यावाचून पर्याय नसतो. १८९१ मध्ये कँटरने हा युक्तिवाद मांडला तेव्हा त्याने संख्या घेतल्याच नव्हत्या. फक्त म आणि व या दोन चिन्हांच्या अनंत ओळी घेतल्या होत्या. दोन वेगळ्या ओळी म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, त्यामुळे ही अडचणच उरत नाही.

याच दशांशांनी कँटरला आधी एकदा अडवलं होतं. १८७७ मध्ये रेषाखंडावर आणि चौरसात सारख्याच संख्येने बिंदू असतात हे दाखवण्यासाठी त्याने चौरसातल्या बिंदूचे निर्देशक x आणि y यांचे अंक आळीपाळीने गुंफून एक संख्या बनवली. जर्मन गणिती रिखार्ट डेडेकिंडने पत्रातून चूक दाखवली: एका संख्येचे दोन विस्तार होऊ नयेत म्हणून शून्यांनी संपणारे विस्तार वर्ज्य धरले, तर ०.११०१०१०१… ही संख्या कुठल्याच जोडीतून येत नाही, कारण तिच्या विषम स्थानांवरून ०.१०००… निघते आणि ती तर वर्ज्य. कँटरने मग वितत अपूर्णांक (छेदात पुन्हा अपूर्णांक, असे पुढे चालत जाणारे) वापरून सिद्धता नव्याने रचली आणि ती १८७८ मध्ये छापली. डेडेकिंड केवळ पत्रमित्र नव्हता. तो थोर गणिती गाउसचा विद्यार्थी, आणि परिमेय संख्यांचे दोन भाग पाडून वास्तव संख्या उभ्या करण्याची त्याची रीत १८७२ची. त्याच्या चिकित्सक वाचनाचं श्रेय फार कमी वेळा दिलं जातं.

शेवटी एक दुरुस्ती: कर्ण युक्तिवाद ही वास्तव संख्या अगणनीय (म्हणजे यादी न करता येणाऱ्या) असल्याची पहिली सिद्धता नव्हे. पहिली सिद्धता कँटरलाच डिसेंबर १८७३ मध्ये सापडली आणि १८७४ मध्ये छापली गेली. तिची रीत अशी: एक अंतराल (दोन संख्यांच्या मधला भाग) घ्या, त्याच्या आत पडणाऱ्या यादीतल्या पहिल्या दोन संख्या शोधा, त्यांच्यामधलं अंतराल घ्या, आणि हेच करत राहा. एखाद्या पायरीला अशा दोन संख्या मिळाल्याच नाहीत, तर त्या अंतरालात यादीतली फार तर एकच संख्या असते, आणि बाकीच्या सगळ्या यादीबाहेर. पायऱ्या संपल्याच नाहीत, तर सगळ्या अंतरालांत सामाईक असलेला बिंदू यादीत नसतो. इथे दशांशाचा संबंधच नाही, त्यामुळे ९ आणि ०ची काळजीही नाही. वास्तव विश्लेषण शिकत असाल तर हीच आधी लिहून पाहा.